ज्याचं त्याचं ‘असतं तर’

कुणी म्हणालं, काहीतरी वाचायला सुचवा, की मी त्याला आवडता लेखक विचारत नाही. बोलता बोलता तो कशाबद्दल ‘तसं झालं असतं तर’ म्हणतो, तिकडं माझे कान असतात. सोलापुरात त्यासाठी फार थांबावं लागत नाही. गिरण्या चालू राहिल्या असत्या तर. उजनीचं पाणी वेळच्या वेळी आलं असतं तर. पोरगं पुण्याला न जाता इथंच रमलं असतं तर. नव्या पेठेत कापड बघताना, हुतात्मा एक्स्प्रेसच्या डब्यात, गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याच्या रांगेत, कुणीतरी हे म्हणतंच. ज्याच्या पोटात असं एखादं वाक्य आहे त्याला विज्ञानकथा किंवा पर्यायी इतिहास म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. तो मनातल्या मनात ते रचतच असतो. त्याच्या वाक्याला जुळणारं पुस्तक तेवढं शोधून द्यायचं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. त्यामुळे मी ग्रह-ताऱ्यांचंच काहीतरी सुचवणार असं लोक धरून चालतात, आणि मी तोंड उघडायच्या आत "मॅडम, आम्हाला सायन्स झेपत नाही" म्हणून मोकळे होतात. त्यांच्यापुढं मी एच. जी. वेल्सचं ‘टाइम मशीन’ ठेवते. १८९५ चं पुस्तक. त्यातलं यंत्र निकेल, हस्तिदंत आणि स्फटिकाचं आहे, यापलीकडं ते चालतं कसं याचा वाचकाला पत्ता लागत नाही. तरी पुस्तक टिकलं, कारण वेल्सनं हिशेब मांडला तो माणसांचा. मालक वर उजेडात आणि मजूर खाली अंधारात, ही विभागणी आठ लाख वर्षं चालू राहिली तर दोघांचं काय होईल? गिरणीच्या भोंग्यावर ज्यांची घरं चालली त्या गावाला हा हिशेब समजायला कुठलंही सूत्र पाठ असावं लागत नाही.

‘आयुष्यात एकदा तरी वाचायलाच हवीत’ अशा शंभर पुस्तकांच्या याद्यांवर माझा भरवसा नाही. यादी करणाऱ्याला वाचणारा माणूस माहीत नसतो. आसिमॉव्हची ‘फाउंडेशन’ अशा प्रत्येक यादीत वरच असते. मला ती मनापासून प्रिय आहे, पण पहिलं पुस्तक म्हणून मी ती कुणालाच देत नाही. त्यात माणसं खोलीत बसून बोलतात आणि साम्राज्यं पडद्याआड कोसळतात. विज्ञानकथेची गोडी आधी लागलेली असेल तर त्या बोलण्यातला थरार कळतो. नसेल तर माणूस विसाव्या पानावर पुस्तक मिटतो आणि पुन्हा त्या कपाटाकडं फिरकत नाही. चुकीच्या वेळी दिलेल्या चांगल्या पुस्तकानं वाचक कायमचा तुटतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या एका मामांची गोष्ट सांगते. घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि दोन्ही भाषा मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय. ते चादरीच्या नक्षीचे पुठ्ठे तयार करतात. ग्राफच्या कागदावर रंगवलेला मोर किंवा कमळ चौकोन-चौकोन वाचायचं आणि आडव्या धाग्याच्या एकेका ओळीसाठी एकेका पुठ्ठ्याला भोकं पाडायची. भोक असेल तिथं जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राची, सुई आत शिरते, तिचा आकडा वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचा धागा. भोक नसेल तिथं धागा खालीच. मधून धोटा धावतो, पुठ्ठा सरकतो, पुढचा येतो. असे शेकडो पुठ्ठे दोरीनं ओवून मागाच्या डोक्यावर चढवले की मोर आपोआप उतरत जातो. आता बऱ्याच ठिकाणी हे काम इलेक्ट्रॉनिक जेकार्डवर गेलं आहे, पण मामांकडं अजून पुठ्ठे येतात.

एकदा म्हणाले, "शिक्षण पुढं झालं असतं मॅडम, तर मीबी कॉम्प्युटरमध्ये गेलो असतो."

मी म्हटलं, "मामा, कॉम्प्युटर तुमच्याकडनंच गेलाय."

त्यांना ते थट्टेचं वाटलं असावं, म्हणून मी बसून सगळं सांगितलं. फ्रान्समधल्या ल्याँ शहरात जोसेफ मारी जाकार यानं १८०४ च्या सुमारास हे भोकांच्या पुठ्ठ्यांचं तंत्र बसवलं. त्याच जाकारचं रेशमात विणलेलं एक चित्र होतं, हुबेहूब छापल्यासारखं, आणि ते विणायला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते. लंडनच्या चार्ल्स बॅबेज या गणितज्ञानं ते चित्र मिळवून घरी लावलं आणि पाहुण्यांना दाखवत राहिला. फुलं विणायला सांगणारा पुठ्ठा आकडेमोड करायला का सांगू शकणार नाही, या विचारावर त्यानं आपल्या गणकयंत्राचा आराखडा उभा केला. एडा लव्हलेसनं १८४३ मध्ये त्या यंत्रावर टिपणं लिहिली. जाकारचा माग जशी पानंफुलं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं, असं तिचं म्हणणं. यंत्र पुरं झालं नाही. बॅबेजच्या त्याआधीच्या, गणिती कोष्टकं काढणाऱ्या ‘डिफरन्स इंजिन’ या यंत्रावर ब्रिटिश सरकारनं १७,००० पौंडांहून जास्त खर्च केला होता आणि १८४२ मध्ये हात काढून घेतला. पण आराखड्यात खोट नव्हती. बॅबेजच्या एका डिफरन्स इंजिनाच्या मूळ रेखाटनांवरून लंडनच्या सायन्स म्युझियमनं १९९१ मध्ये ते यंत्र खरोखर बांधलं आणि ते बिनचूक चाललं.

मामा पुठ्ठा हातात धरून ऐकत होते. मग विचारलं, "म्हणजे ते तेव्हाच झालं असतं तर?"

यासाठीच मी एवढा वेळ बोलत होते. कारण याच प्रश्नावर एक कादंबरी आहे, विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग या दोघांनी मिळून लिहिलेली ‘द डिफरन्स इंजिन’, १९९० ची. तिच्यात बॅबेज यशस्वी झालेला आहे. १८५५ चं लंडन, वाफेवर चालणारी अजस्र गणकयंत्रं, प्रत्येक नागरिकाला क्रमांक, कवी बायरन चक्क पंतप्रधान. आणि सगळी कादंबरीभर माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात ती भोकं पाडलेल्या कार्डांच्या एका खोक्यासाठी.

मामांना इंग्रजी वाचता येत नाही. मी ती कादंबरी त्यांना तोंडी सांगितली, संध्याकाळी त्यांचं काम आटोपताना, थोडी थोडी. त्यांची अकरावीतली नात अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून तिकडंच कान लावून बसायची. खोक्याचा भाग आला तेव्हा मामांनी पहिला प्रश्न केला, "त्यात डिझाइन कुणाचं हाय?" डिझाइन दुसऱ्या कारखान्यात गेलं की हंगाम बुडतो, हे त्यांना ठाऊक. त्यामुळे पुठ्ठ्यांच्या खोक्यासाठी माणूस खून का करेल, हे मला समजावून सांगावं लागलं नाही. दुसरा प्रश्न त्याहून भारी. "लंडनला धुकं अन् पाऊस रोजचाच म्हणतात. पुठ्ठा दमट झाला की फुगतो, सुई अडकते. त्यांचे फुगत नव्हते का?" या कादंबरीवर मी बरंच वाचलं आहे, हा प्रश्न मला कुठं भेटला नव्हता. आणि तिसरा: "आमचं एक भोक चुकलं की मोराचा डोळा जातो. हिशेबात चुकलं तर काय जातं?" तेव्हा मी त्यांना सांगितलं की बॅबेजची सुरुवातच तिथून झाली. छापील गणिती कोष्टकांतल्या चुकांनी तो हैराण झाला होता, आणि माणसाच्या हातून होणारी चूक वाफेनं टाळता येईल का, हा त्याचा पहिला ध्यास होता.

मामांना सगळ्यांत जास्त आवडली ती एडा. खरी एडा १८५२ मध्ये वारली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. कादंबरीतल्या १८५५ मध्ये ती आहे, लोक तिला यंत्रांची राणी म्हणतात. मामा म्हणाले, "बरं केलं. बाईला तेवढं तरी जगू दिलं."

पुस्तक सुचवताना काय सोडून द्यायचं तेही सांगावं, असं माझं ठाम मत आहे. ही कादंबरी मधे सैल पडते आणि शेवटी पत्रं, कात्रणं, तुकडे यांत विखुरते. तो भाग मी मामांना सांगितलाच नाही. ‘सगळं वाच, नाहीतर वाचूच नको’ असा धाक घालून कुणी वाचायला लागत नाही.

आणि ही देवाणघेवाण एका बाजूची कधीच नसते. मामांनी मला त्या बदल्यात चांदोबा दिला. म्हणजे त्यांच्याकडचा चंदामामा, तेलुगू, बांधून ठेवलेले जुने अंक. मला ती लिपी वाचता येत नाही, म्हणून ते चित्रांवर बोट ठेवून गोष्ट सांगायला लागले, आणि थोड्या वेळानं पुढचं मीच सांगायला लागले. कारण तीच मालिका मी लहानपणी मराठीतून वाचली होती. राक्षस, मांत्रिक, बेटं, किल्ले, अंकामागून अंक चाललेल्या त्या अद्भुत मालिका मूळ तेलुगूत दासरी सुब्रह्मण्यम लिहायचे. १९४७ मध्ये मद्रासला तेलुगू आणि तमिळमध्ये अंक निघाला, मग कन्नड, मराठी अशा आवृत्त्या निघत गेल्या. सोलापूरसारख्या गावात याचा अर्थ असा की एकाच गल्लीत तेलुगू, कन्नड आणि मराठी घरातली पोरं एकाच राक्षसाला भ्यायची, आणि एकमेकांना ते ठाऊकही नसायचं. ज्यांना वाटतं की अद्भुताचं वाचन आपल्याकडं परदेशातून आलं, त्यांना मी हे अंक शोधायला सांगते. रद्दीवाल्यांकडं अजून सापडतात.

पर्यायी इतिहासाची मराठीतली वाट मात्र पानिपतावरूनच जाते. आमच्या शेजारी इतिहासाचे निवृत्त सर राहतात. ‘इतिहासात जर-तरला स्थान नाही’ हे वाक्य त्यांनी विद्यार्थ्यांच्या किती पिढ्यांना ऐकवलं असेल. त्यांना मी जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा नेऊन दिली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघतात आणि भलत्याच मुंबईत उतरतात. तिथं ईस्ट इंडिया कंपनी अजून दुकान मांडून बसली आहे, पण तिचं राज्य तेवढ्यापुरतंच, कारण या जगात पानिपत मराठ्यांनी जिंकलं. पंत ग्रंथालयात जाऊन इतिहासाचे खंड उघडतात आणि फाटा कुठं फुटला ते शोधतात. विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून गेली. एवढाच फरक. मग नारळीकर त्याला विज्ञानाचा आधार देतात: तोल अशा टोकावर आलेला असतो की अगदी बारीकशा धक्क्यानं सगळं इकडचं तिकडं होतं, आणि अणूच्या पातळीवर तर अनेक शक्यता एकाच वेळी नांदतात. ज्यानं विश्वास पाटलांची ‘पानिपत’ वाचून ती गोळी छातीवर झेललेली आहे, त्या मराठी वाचकाला ही कथा किती आत शिरते ते वेगळं सांगायला नको.

सर दुसऱ्याच दिवशी आले, चिडून. "एका गोळीनं काय होतंय हो? छावणी उपाशी होती. रसद तुटलेली. गोविंदपंत बुंदेले डिसेंबरातच मारले गेले. बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुलं एवढा मेळा बरोबर. विश्वासराव वाचले असते तरी दुपारनंतर अब्दालीच्या ताज्या तुकड्या आल्याच असत्या." मी विचारलं, मग सर, तुम्ही फाटा कुठं फोडाल? क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "बागपत. ऑक्टोबर १७६०. अब्दाली तिथं यमुना उतरला. त्याला उतरू दिलं नसतं, तर १४ जानेवारी उगवलीच नसती." आणि मग चहा निवेपर्यंत ते पुढचं सगळं रचत गेले: दिल्लीत काय झालं असतं, सुरजमल जाट परत फिरला असता का, नानासाहेब पेशवे खचून गेले नसते तर माधवरावांच्या वाट्याला काय आलं असतं.

पर्यायी इतिहासाची ताकद मला तिथं दिसते. तुम्ही फाटा कुठं फोडता यावरून इतिहास कशानं घडतो असं तुम्हाला वाटतं ते उघडं पडतं. कुणी गोळी निवडतो, कुणी नदीचा उतार, कुणी धान्याची पोती. नारळीकरांची कथा सरांना पटली नाही, तरी मी ती त्यांच्यासाठी योग्य शिफारस मानते, कारण तिच्याशी भांडताना आयुष्यभर मनात जपलेली बागपतची गोष्ट त्यांनी पहिल्यांदा उघडपणे बोलून दाखवली. नंतर मी त्यांना चर्चिलच्या एका जुन्या निबंधाची गंमत सांगितली. १९३१ च्या एका संग्रहात तो आहे. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या जनरल लीनं गेटिसबर्ग जिंकलं आहे अशा जगातला लेखक बसून विचार करतो, की ली जिंकला नसता तर काय झालं असतं? म्हणजे आपलं जग त्याच्यासाठी कल्पनेतलं. सरांना हा डाव फार आवडला. आता ते जिंकलेल्या पानिपताच्या जगातले प्राध्यापक होऊन बोलतात.

मराठी विज्ञानकथेवर माझं एक गाऱ्हाणं आहे आणि ते मी प्रेमापोटी मांडते. आपल्याकडं फार वेळा शेवटी एक प्राध्यापक उभा राहतो आणि सगळं समजावून सांगतो. नारळीकरांच्या या कथेतही ते आहेच. पण आपली पहिली कथा ‘कृष्णविवर’ १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवताना त्यांनी नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं, स्वतःच्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, म्हणजे परीक्षकांनी नावाकडं बघून नंबर देऊ नये. पहिला नंबर आला. जगभर गाजलेला शास्त्रज्ञ मातृभाषेतल्या गोष्टीसाठी असा निनावी रांगेत उभा राहतो, हे मी दरवर्षी नव्या वर्गाला सांगते, आणि त्या आठवड्यात दोन-चार जण तरी त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह मागायला येतात.

पाण्याबद्दलची पुस्तकं सोलापूर जिल्ह्यात कुणालाही द्यावीत. मंगळवेढ्याकडचा एक विद्यार्थी होता, वसतिगृहात राहणारा, सुट्टीत घरी गेला की टँकरच्या पाळीला उभा राहणारा. फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ (१९६५) जाडजूड आहे, नावं अवघड आहेत, राजकारण गुंतागुंतीचं आहे. मी त्याला त्यातले दोनच प्रसंग सांगितले. वाळवंटातल्या जमातीचा नायक राजाच्या मेजावर थुंकतो. भोवतीची माणसं चवताळून उठतात, आणि तेवढ्यात उलगडतं की त्यानं आपल्या अंगातलं पाणी दिलं, याहून मोठा मान त्यांच्यात नाही. दुसरा प्रसंग, द्वंद्वात मारल्या गेलेल्या माणसासाठी पोरगा रडतो आणि सगळी जमात स्तब्ध होते, कारण त्यानं मेलेल्याला पाणी दिलं. एवढ्यावर त्यानं पुस्तक नेलं. परत आला तेव्हा त्यानं ते प्रसंग आजीला सांगितले होते. आजीनं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडी खाऊन दिवस काढलेले. तिनं विचारलं म्हणे, "मग त्यांच्यात न्हाण कशानं घालत्यात?"  पोरगं याचं उत्तर शोधायला पुन्हा पुस्तकात शिरलं.

‘सुलतानाज ड्रीम’ ही मी बायकांच्या घोळक्यात वाचायची गोष्ट मानते. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ मध्ये इंग्रजीत लिहिलेली, मद्रासच्या एका बायकांच्या मासिकात आलेली. जेमतेम काही पानांची. त्यात बायका राज्य चालवतात, पुरुष पडद्यात, मर्दान्यात. सूर्याची उष्णता साठवून त्यावर स्वयंपाक होतो, धूर नाही. आणि ढगांतलं पाणी थेट ओढून घेणारा एक मोठा फुगा आहे, म्हणून त्या देशात दुष्काळही नाही आणि पूरही नाही. विड्या वळणाऱ्या काही अक्कांसमोर, त्यांच्या मांडीवरच्या सुपांचा आवाज चालू असताना, मी ती मराठीत सांगत सांगत वाचली. क्युबातल्या सिगारच्या कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना मोठ्यानं पुस्तक वाचून दाखवायची रीत आहे. माँटे क्रिस्टो हे सिगारचं नाव तिथं ऐकलेल्या ड्यूमाच्या कादंबरीवरूनच पडलं. हे मला माहीत होतं, म्हणून मी मुद्दाम कामाचीच वेळ निवडली होती.

फुगा ऐकून एक अक्का म्हणाल्या, "आमच्या टाकीवर बांधा की तो." चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या घरात याहून नेमकं रसग्रहण कुठलं होणार? पण खरा कल्ला पुढं झाला. त्या गोष्टीत एक बाई विचारते, तुम्ही कचेरीचं सगळं काम दोन तासांत कसं उरकता? उत्तर मिळतं की पुरुष कामाच्या वेळात चिरूट ओढत बसतात. एक चिरूट अर्धा तास जळतो, दिवसाला बारा, म्हणजे सहा तास धुरात. दिवसाला हजार विडीचं माप पुरं करायला बसलेल्या त्या बायका हे ऐकून इतक्या हसल्या की वळणं थांबलं. मग एकीनं हातातली विडी उंच धरून शांतपणे विचारलं, "आणि ह्या सहा तासांची विडी वळायला आमचे किती तास गेले, ते लिहिलंय का तिनं?" नाही, तिनं ते लिहिलेलं नाही. ते या अक्कांपैकीच कुणीतरी लिहायला हवं, आणि लिहिलं तर ते रुकैयाच्या गोष्टीशेजारी मानानं बसेल.

काही शिफारशी झटपट सांगून टाकते. चिंचोळी एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला सुबोध जावडेकरांची ‘आकांत’ द्यावी. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडावरची ही कादंबरी सेफ्टी बूट घालणाऱ्या प्रत्येकानं वाचावी. लहान मुलांना भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, इंग्रजी येत असलं तरी आधी हाच. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला किंवा नाणी जमवणाऱ्याला फिलिप डिकची ‘द मॅन इन द हाय कॅसल’ (१९६२). जर्मनी-जपाननं महायुद्ध जिंकलेलं जग आहे ते, पण त्यातली अविस्मरणीय जागा म्हणजे दोन सारखे लायटर. एक खून झालेल्या रूझवेल्टच्या खिशात होता, दुसरा नव्हता, आणि हातात घेऊन कुणालाच फरक सांगता येत नाही. वस्तूचं मोल तिच्यात असतं की तिच्याबरोबरच्या कागदात, हा प्रश्न नाणेवाल्याला रात्रभर जागं ठेवतो.

जे पुस्तक मला सगळ्यांत जास्त सुचवावंसं वाटतं ते मात्र माझ्या वाचनात अजून आलेलं नाही. मे १९३० चं सोलापूर. गांधीजींना ५ मे रोजी अटक झाली, इथं गिरण्या ओस पडल्या, ८ मे रोजी गोळीबार झाला, चौक्या आणि कोर्ट पेटलं, आणि पुढचे काही दिवस या शहरावर इंग्रजांचा अंमल उरला नाही. काँग्रेसचे स्वयंसेवक चौकांत रहदारी सांभाळत होते. १२ मे रोजी मार्शल लॉ आला. पुढं मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्मा चौकातून जाताना प्रत्येक सोलापूरकर याची नकळत उजळणी करतो. पण ते दिवस संपलेच नसते तर? महिना टिकले असते तर? गिरण्या कुणी चालवल्या असत्या, पगार कुठल्या नाण्यात वाटला असता, फर्मानं मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू यांपैकी कुठल्या भाषेत आधी चिकटली असती? मुंबईच्या आणि अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी हे बघून काय केलं असतं? जानेवारीत गड्ड्याला सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता पडल्या असत्या तेव्हा नंदीध्वजांबरोबर आणखी कुठला झेंडा चालला असता? यासाठी अभ्यास लागेल: गॅझेटियर, खटल्याची कागदपत्रं, तेव्हाची वर्तमानपत्रं, गिरण्यांचे हिशेब. आणि घरात किमान दोन भाषा असलेला लेखक लागेल, कारण एका भाषेत हे शहर पुरं मावत नाही.

हे सगळं मी मामांच्या घरी बोलत होते. मामा पुठ्ठे ओवत होते, काही बोलले नाहीत. त्यांची नात म्हणाली, "मॅडम, मी लिहिलं तर?" मी म्हटलं, लिही की, सुरुवात कुठून करशील? तिनं बराच विचार केला. मग म्हणाली, "इथून लष्कर मागवायची तार जाते ना, ती चुकीची पोचते. तिथून."

मी म्हटलं, "चालेल. पण तार कुणी चुकवली, आणि का, ते आधी ठरव."